तैलरंग आणि ऑइल पेंट : रंगाच्या मूल्याविषयी काही विचार

१

‘तैलचित्र’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी वावरतो. कलाविषयक लेखनात तो केवळ माध्यमवाचक आहे. अळशीच्या तेलात खललेल्या रंगांनी कॅनव्हासवर काढलेले चित्र, एवढाच त्याचा तेथे अर्थ. सार्वजनिक जीवनात मात्र तो मानवाचक आहे. नगरपालिकेच्या सभागृहात, महाविद्यालयाच्या दालनात वा सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत एखाद्या दिवंगत पुरुषाच्या ‘तैलचित्राचे अनावरण’ होते, तेव्हा चित्र कसे वठले आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ते कोणाचे आहे, कोणाच्या हस्ते उघडले गेले आणि कोणत्या भिंतीवर लागले, याला महत्त्व असते. पुष्कळदा ते छायाचित्रावरूनच केलेले असते. तथापि तैलरंगात उतरले की ते छायाचित्राच्या वरच्या पायरीवर जाऊन बसते. माध्यमच येथे सन्मानाचे चिन्ह झालेले असते.

याच शब्दाचा एक तिसरा, गरीब भाऊबंद आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या आदिवासी भागातील बाजारगावी रंगाच्या दुकानात ‘तैलरंग’ मागितला तर दुकानदार गोंधळेल; ‘ऑइल पेंट’ मागितला तर तो लगेच डबा काढून देईल. तेलयुक्त राळेत रंगद्रव्य मिसळून केलेला हा चकाकणारा, टिकाऊ, धुता येणारा रंग दारे-खिडक्यांना, बैलगाडीच्या साट्याला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला, देवळातल्या मूर्तीला आणि बोहाड्याच्या मुखवट्यालाही लावला जातो. शब्दशः पाहता ‘तैलरंग’ आणि ‘ऑइल पेंट’ हे एकमेकांचे भाषांतर होय. पण एक शब्द उच्चारला की कलादालन डोळ्यांसमोर येते आणि दुसरा उच्चारला की ब्रश, टर्पेंटाइन आणि रोजंदारी.

एकाच द्रव्याच्या दोन नावांमध्ये एवढे सामाजिक अंतर का पडावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. रंगाचे कलात्मक मूल्य आणि त्याचे सामाजिक मूल्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, की चित्राच्या घडणीतच त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात? साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालावे याला कारण आहे. मराठी समीक्षेची परिभाषा रंगवाचक शब्दांनी भरलेली आहे आणि त्या शब्दांबरोबर त्यांची सामाजिक उतरंडही समीक्षेत आली आहे.

२

मराठी सौंदर्यविचारात रंगाला सैद्धान्तिक प्रतिष्ठा मिळाली ती मर्ढेकरांमुळे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी ललितकलांचे स्वरूप संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांमधील संबंध बांधले जातात आणि त्या संबंधांतून सौंदर्य सिद्ध होते, अशी त्यांची भूमिका होती. चित्रकलेत हे घटक म्हणजे रंग आणि आकार. रंगाने काही ‘सांगावे’ ही अपेक्षाच या भूमिकेला बाहेरची वाटते.

या भूमिकेचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. चित्र पाहताना त्याचा विषय सांगून मोकळे होण्याची जी सवय मराठी रसिकतेला होती, तिला मर्ढेकरांनी धक्का दिला. परंतु एक विचारप्रयोग करून पाहावा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रसमूहात उजळ वर्णाच्या बोधिसत्त्वाजवळ एक गडद वर्णाची स्त्री उभी आहे. अभ्यासकांत ती ‘काळी राजकन्या’ म्हणून ओळखली जाते. समजा, या चित्रातील उजळ आणि गडद यांची अदलाबदल केली, छायाचित्राच्या निगेटिव्हमध्ये होते तशी. विरोधाचे संबंध बहुतांशी कायम राहतील. फक्त त्यांची दिशा उलटेल. मग चित्र तेच राहील काय? राहणार नाही, हे कोणीही सांगेल. केवळ संबंधांच्या भाषेत मात्र हा फरक सांगता येत नाही. मानवी देहावर लावलेला रंग पाहणाऱ्याला ‘कातडी’ म्हणून दिसतो, आणि कातडीच्या रंगाला समाजाने आधीच किंमत ठरवून दिलेली असते. डोळा ती किंमत बाहेर ठेवून दालनात शिरत नाही.

उलट बाजूची भूमिकाही तपासली पाहिजे. रंगाचा अर्थ सर्वस्वी सामाजिक असता तर सावळ्या स्त्रीचे कोणतेही कॅलेंडर अजिंठ्याच्या राजकन्येइतकेच थोर ठरले असते. तसे होत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यव्यवहाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले आणि कलानुभव त्या दोहोंच्या ताणात असतो हे दाखवले. रंगाच्या बाबतीत हा ताण विशेष स्पष्ट दिसतो, कारण रंग एकाच वेळी निव्वळ संवेदना असतो आणि समाजाने लावलेली खूणही असतो. चांगला चित्रकार या दोहोंपैकी एकीची निवड करीत नाही. समाजाने ठरवलेली किंमत तो चित्रापुढचा प्रश्न म्हणून स्वीकारतो आणि रंगाच्या संबंधांतून त्या प्रश्नाला उत्तर देतो.

३

तैलरंगाच्या इतिहासात ‘मूल्य’ हा शब्द किमान तीन अर्थांनी येतो. त्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ वाद निर्माण झाले आहेत.

पहिला अर्थ बाजारभावाचा. मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन युरोपात उत्तम निळा रंग बदख्शानच्या खाणींतील लाजवर्दापासून करीत. तो इतका महाग असे की चित्राच्या करारनाम्यातच त्याची प्रत आणि किंमत नमूद होई. मायकेल बॅक्सँडल यांनी पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात (१९७२) हे करार तपासून दाखवले. कुमारी मेरीचा निळा झगा हे भक्तीचे आणि खर्चाचे एकाच वेळी दर्शन होते. १८२८ च्या सुमारास कृत्रिम अल्ट्रामरीन तयार होऊ लागले आणि निळ्याची ही मक्तेदारी संपली. पुढे १८४१ मध्ये जॉन रँडने पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले, आणि रंग खलणारा शागीर्द हळूहळू चित्रशाळेतून नाहीसा झाला. रंगाची किंमत उतरली तशी ती चित्रकाराच्या नावात जाऊन बसली.

दुसरा अर्थ तंत्राचा. मनसेलच्या रंगपद्धतीत रंगाला तीन परिमाणे आहेत: रंगजाती, तीव्रता आणि उजळ-गडदपणा. यांपैकी तिसऱ्यास ‘व्हॅल्यू’ हेच नाव आहे. कलाशिक्षणात ‘व्हॅल्यू चुकली’ असे म्हणतात तेव्हा नैतिक असे काहीच अभिप्रेत नसते. छटेची पायरी चुकली, इतकेच सांगायचे असते. पण या शिडीच्या वरच्या टोकाला पांढरा आहे आणि खालच्या टोकाला काळा. सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळेत १८५७ पासून रुजलेल्या युरोपीय अकादमीय शिक्षणात वस्तूचे घनत्व या शिडीवरून चढउतार करूनच साधायचे असे.

तिसरा अर्थ सामाजिक प्रतिष्ठेचा. गोरा, गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळा ही मराठी कुटुंबांतली शिडी लग्न जुळवण्याच्या कामी आजही वापरली जाते. तिच्यातही पांढऱ्याकडे जाणारे टोक वरचे मानले जाते. तंत्राची शिडी आणि समाजाची शिडी या भिन्न आहेत, त्यांचे प्रयोजनही भिन्न आहे. मात्र देहचित्रात त्या एकमेकींना टेकवून ठेवल्या जातात. रंगाच्या नळीवर ‘फ्लेश टिंट’ असे नाव छापून आत फिकट गुलाबी रंग भरला जाई तेव्हा नेमके हेच घडत होते. मांसाचा म्हणून एकच रंग गृहीत धरला होता आणि तो या देशातील बहुसंख्य माणसांचा नव्हता. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केले, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

४

हा सगळा दोष वसाहतकाळाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. मराठीत ‘वर्ण’ या एकाच शब्दाने रंग, अक्षर आणि सामाजिक श्रेणी असे तीन अर्थ व्यक्त होतात. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगभूषेचे नियम सांगताना ब्राह्मण-क्षत्रियांना गौर आणि वैश्य-शूद्रांना श्याम वर्ण नेमून दिला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रातही अशीच वर्णवार विभागणी आढळते. म्हणजे रंगावरून श्रेणी ओळखावी ही अपेक्षा शास्त्रानेच घालून दिली होती.

मात्र हीच शास्त्रे दुसऱ्या ठिकाणी वेगळे बोलतात. रसांचे वर्ण सांगताना भरताने शृंगाराला श्याम वर्ण दिला आहे. भयानकाचा काळा आणि वीराचा गौर. पण रसराज मानलेल्या शृंगाराचा श्याम. चित्रसूत्रात देहवर्णाचे गौर आणि श्याम असे दोन प्रमुख भेद केले असून गौराचे पाच, तर श्यामाचे बारा पोटभेद सांगितले आहेत. समाजव्यवस्था सांगताना ज्या वर्णाला खालचे स्थान मिळाले, त्याच वर्णाच्या छटा मोजताना शास्त्रकाराची नजर अधिक सूक्ष्म झाली. नियम लिहिणारा आणि रंग पाहणारा हे एकाच ग्रंथात परस्परांशी विसंगत बोलत असतील, तर त्या विसंगतीतच कलेला जागा सापडते. अजिंठ्याची काळी राजकन्या या जागेत उभी आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि क्वचित लाजवर्द अशा मोजक्या द्रव्यांतून तिचा वर्ण सिद्ध झाला आहे. तो गडद आहे तो उजेडाची उणीव म्हणून नव्हे. स्वतःचे तेज असलेला रंग म्हणून तो भिंतीवर आला आहे.

या भिंतीकडे तैलचित्रकाराच्या डोळ्याने पाहिले गेले तेव्हा काय झाले, हा इतिहास उद्बोधक आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यांपैकीच एक. यांतील अनेक नकलाही १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या. पण आगीपेक्षा अर्थपूर्ण गोष्ट मूळ भिंतीवर घडली. चित्रे अधिक स्पष्ट, अधिक सतेज दिसावीत म्हणून त्यांच्यावर वार्निश चढवले गेले. आणि १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकचा वापर केला. कालांतराने हे थर पिवळे-तपकिरी पडले आणि भिंतीचे रंग त्यांखाली दबले. हेतू जतनाचा होता, याविषयी शंका नाही. परंतु रंग ‘चांगला’ दिसायचा तर तो ओला आणि चकाकता दिसला पाहिजे, हे गृहीतक तैलचित्राचे होते, भिंतीचे नव्हते. एका माध्यमाचे मूल्य दुसऱ्यावर लादले की काय होते, याचा हा साक्षात पुरावा आहे.

५

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) जन्माने केरळचे. पण त्यांच्या चित्रांना घराघरांत नेणारा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. मराठी माणसाच्या दृष्टीला देवदेवतांचा जो चेहरा परिचित आहे त्याचे बरेचसे श्रेय या छापखान्याकडे जाते. रविवर्म्यांवर ‘पाश्चात्त्य अनुकरण’ असा आक्षेप घेण्याची परंपरा जुनी आहे. तिच्यात भर घालण्याचे कारण नाही. त्यांच्या मूळ तैलचित्रांत कातडीचे, जरीचे, मोत्यांचे आणि धातूचे पोत वेगवेगळे जाणवतात आणि गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या छटाही पुष्कळ ठिकाणी टिपलेल्या दिसतात. प्रश्न निर्माण होतो तो ओलिओग्राफमध्ये.

ओलिओग्राफ हे शिळाछापाचे चित्र. त्याला तैलचित्राचा भास देण्यासाठी वार्निश व पोताची योजना केलेली असे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. कॅनव्हासवर थरावर थर देऊन साधलेल्या मधल्या छटा मोजक्या शिळांवर विभागल्या जाताना सर्वांत आधी गळून पडतात त्या गडद वर्णातील सूक्ष्म भेदांच्या छटा. देवी अधिक गोरी होते, राक्षस अधिक काळा होतो. हे सर्वस्वी कारस्थान नव्हते. त्यात छपाईचे गणितही होते. पण त्या गणिताने दिलेले उत्तर समाजाच्या आवडीशी इतके जुळले की ते कोणालाच खटकले नाही.

याच संदर्भात कृष्णाचे उदाहरण विचारात घ्यावे. मराठी भक्तिपरंपरेने ‘सावळा’ या शब्दात जेवढे प्रेम साठवले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या रंगवाचक शब्दात साठवले असेल. कॅलेंडरवर हा सावळा फिकट निळा झाला. संतकवितेतही कृष्ण निळा आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो बरोबर आहे. पण तेथील निळा हा काळ्याची खोली वाढवणारा आहे, त्यात दृष्टी बुडते. कॅलेंडरवरील निळा काळ्याला हलका करतो, सुसह्य करतो. एकाच शब्दाने दोन परस्परविरुद्ध रंगकृती झाकल्या जातात, हे चित्र शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही.

नाशिकच्या वाचकाला या विषयाची आणखी एक बाजू परिचित आहे. पंचवटीत काळाराम आहे आणि गोरारामही आहे. काळ्या पाषाणातील रामापुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक नतमस्तक झाले. २ मार्च १९३० रोजी त्याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दार उघडले गेले नाही. देवाचा काळा वर्ण पूज्य मानणाऱ्या समाजाने माणसाचा ‘वर्ण’ पाहून दार बंद ठेवले. रंगाचे सौंदर्यमूल्य मान्य झाल्याने त्याचे सामाजिक मूल्य आपोआप बदलते, हा भाबडा विश्वास या एका घटनेपुढे टिकत नाही.

तैलरंगातच या शिडीला उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न अमृता शेरगिल यांनी (१९१३–१९४१) केला. १९३६ च्या अखेरीस मुंबईतील प्रदर्शनानंतर त्यांनी अजिंठा पाहिले आणि १९३७ मध्ये दक्षिण भारतीय जीवनावरील त्यांची तीन प्रसिद्ध चित्रे आकाराला आली. येथे तंत्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गडद कातडी रंगवताना प्रकाशित भाग दाखवण्यासाठी त्यात पांढरा मिसळला की रंग थंड आणि राखट होतो, देह निर्जीव दिसतो. अकादमीय शिडी येथे निरुपयोगी ठरते. शेरगिल यांनी गडद वर्णाला तांबूस, हिरवट आणि मातकट रंगांच्या संगतीत बसवले आणि पांढऱ्याला वस्त्रात जागा दिली. ‘ब्रह्मचारी’ या चित्रात देहाचा गडदपणा आणि धोतराचा पांढरा यांचे नाते श्रेष्ठ-कनिष्ठाचे उरत नाही. दोघे परस्परांना उभे करतात. मर्ढेकरांचे विरोधतत्त्व येथे पूर्णत्वाने सिद्ध होते, पण ते सिद्ध होते ते समाजाच्या शिडीशी झगडून. लयीचा आणि न्यायाचा प्रश्न एकाच रंगपट्टीवर सुटलेला दिसतो.

६

आता पुन्हा सार्वजनिक तैलचित्राकडे वळू. जॉन बर्जर यांनी ‘वेज ऑफ सीइंग’मध्ये (१९७२) युरोपीय तैलचित्राचा संबंध मालमत्तेशी जोडला. वस्तू हाताला लागावी इतकी खरी दाखवण्याचे तैलरंगाचे सामर्थ्य मालकीची भावना सुखावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संस्थानिकांच्या आणि शेठ-सावकारांच्या तसबिरींना हे लागू पडते. परंतु विसाव्या शतकातील महाराष्ट्रात याच माध्यमाचा वापर ज्यांच्याकडे मालमत्ता नव्हती त्यांनीही केला, याची नोंद बर्जर यांच्या चौकटीत बसत नाही.

डॉ. आंबेडकरांचे तैलचित्र १९९० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले. त्याच्या कितीतरी आधी ते वस्त्यावस्त्यांच्या समाजमंदिरांत पोहोचले होते. बाबासाहेबांची बहुतेक परिचित छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांवरून तैलचित्र करणाऱ्याला कोटाचा रंग स्वतःच ठरवावा लागतो, आणि लोकमानसाने तो निळा ठरवला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजाशी त्याचे नाते आहे. येथे रंग छायाचित्रातून आलेला नाही, शास्त्रातून आलेला नाही आणि बाजारातूनही आलेला नाही. तो एका समाजाने चित्राला दिला आहे. ‘वर्ण’ लादून घेतलेल्यांनी स्वतःचा रंग निवडावा, ही घटना सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीनेही मोठी आहे. शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथांनी शब्दाच्या क्षेत्रात जो प्रश्न उभा केला, तो या निळ्या कोटाने रंगाच्या क्षेत्रात आधीच उभा केला होता. मात्र त्याच तसबिरींपैकी काहींत चेहऱ्याचा वर्ण उजळवलेला दिसतो. कोटाच्या रंगाबाबत मिळवलेले स्वातंत्र्य कातडीच्या रंगापाशी अडखळते, याचाही विचार व्हायला हवा.

७

हरसूल, पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार या डोंगरपट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाजांची वस्ती आहे. या भागातील घराची भिंत गेरूची. वारली लग्नचौक या गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने काढतात. केवळ दोन रंगांची ही व्यवस्था आहे आणि तीत पांढऱ्याला ‘वरचे’ मूल्य नाही: तांबडी भूमी आणि पांढरी रेषा यांपैकी एक नसेल तर दुसरी दिसणार नाही. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी १९७० नंतर, भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने, ही रेषा कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सवाशिणींच्या हातची भिंत बाजारात ‘चित्र’ म्हणून आली तेव्हा तिला किंमत आली. पण ही किंमत ‘मातीचा रंग’ टिकवण्याच्या अटीवर मिळते. शहरातील ग्राहकाला गेरू हवा असतो, कारण त्याच्या घरात गेरू नसतो.

त्याच डोंगरात बोहाड्याचे मुखवटे आहेत. लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे आता सर्रास ऑइल पेंटने रंगवले जातात. पाहुणा अभ्यासक हे पाहून हळहळतो: नैसर्गिक रंग गेले, भडकपणा आला. या हळहळीत तथ्य मुळीच नाही असे नाही. गेरूची शोषक, मऊ पृष्ठभूमी आणि तिच्याबरोबर एक रंगदृष्टी खरोखर मागे पडते आहे. पण हा शेरा मारला जातो तो दिवसाउजेडी, मुखवटा खुंटीवर वा संग्रहालयाच्या काचेत असताना. बोहाडा रात्रीचा असतो. संबळ-सनईच्या तालावर सोंग नाचत येते, टेंभ्याचा उजेड हलत असतो आणि भोवती गडद अंधार असतो. अशा उजेडात शोषक मातीचा रंग मालवतो. चकाकणारा ऑइल पेंट ज्योतीबरोबर हलतो, चेहरा जिवंत होतो. म्हणजे ‘भडक’ हा त्या रंगाचा गुणधर्म नसून, तो रंग ज्या उजेडासाठी लावला आहे तो उजेड काढून घेतल्याचा परिणाम आहे. शिवाय ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा सारवावी लागली, त्याला ‘पक्का रंग’ या शब्दात केवळ सोय दिसत नाही, टिकण्याची प्रतिष्ठा दिसते. तैलचित्राच्या अनावरणामागे जी इच्छा असते तीच येथे डबाभर रंगात असते.

हाच ‘हलका’ रंग कलादालनात गेला तेव्हा काय झाले, हेही पाहावे. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकाचे लेखक आणि थोर चित्रकार प्रभाकर बरवे यांनी आपली अनेक महत्त्वाची चित्रे कॅनव्हासवर एनॅमल रंगात केली. दारे-खिडक्या रंगवण्याच्या या रंगाची सपाट, अलिप्त झळाळी त्यांच्या वस्तुचिंतनाला अनुकूल ठरली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांची जाहिरातफलके रंगवली होती. त्यांच्या १९५४ च्या ‘ग्रामयात्रा’ या तैलचित्राला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे १९९५ चे एक शीर्षकहीन तैलचित्र डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत २९.३ कोटी रुपयांना विकले गेले. गायतोंडे यांच्या रंगथरांतून झिरपणारा उजेड अपूर्व आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु त्या किमतीकडे पाहून त्या उजेडाचे मोठेपण सिद्ध होत नाही, आणि डब्याची किंमत पाहून मुखवट्याच्या उजेडाचे लहानपण सिद्ध होत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला पाहिजे: हा रंग कोणत्या उजेडात, कोणत्या रंगांच्या संगतीत आणि कोणासाठी काम करतो?

८

साहित्यसमीक्षेने यातून काय घ्यावे? रंगाचे शब्द समीक्षेत निष्पाप अलंकार म्हणून येत नाहीत. ‘सोज्वळ’, ‘सौम्य’, ‘तरल’ ही विशेषणे प्रशंसेची आणि ‘भडक’, ‘बटबटीत’, ‘गडद’ ही उणेपणाची, हा संकेत कोणी ठरवला? ग्रामीण आणि दलित साहित्याच्या आरंभीच्या चर्चेत दुसऱ्या गटातील शब्द वारंवार वापरले गेले ते वाङ्‌मयीन निकष म्हणून. वस्तुतः ती एका घरातल्या भिंतीच्या रंगावरून दुसऱ्या घरातली भिंत जोखणारी नजर होती. तिने कृतीचा स्वतःचा उजेड पाहिला नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर वार्निश चढवणारी नजर आणि आत्मकथनाला ‘भडक’ म्हणणारी नजर यांचे नाते आता उघड व्हावे.

पण प्रतिक्रियेत दुसरे टोक गाठणेही घातक आहे. कवितेत लाल आला की क्रांती, निळा आला की आंबेडकरी जाणीव, काळा आला की शोषण, असा कोष करून रंग वाचणारी समीक्षाही माध्यमाला वगळूनच बोलते. तिला निळ्याची खोली आणि निळ्याचा फिकेपणा यांत फरक करता येत नाही. कॅलेंडरवरचा कृष्ण आणि संतांचा सावळा तिच्या लेखी एकच ठरतात. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) मध्ये एका समाजाची जाणीव त्याच्या कलांच्या पोतात वाचण्याचा मार्ग दाखवला होता. रंगाच्या बाबतीत तो मार्ग पुढे नेण्याची गरज आहे. प्रतीक शोधण्याआधी द्रव्य, थर, शेजार आणि उजेड पाहणे, आणि या चारही गोष्टी सामाजिक असतात हे न विसरणे, एवढी शिस्त त्यासाठी पुरेशी आहे.

तसे केल्यास ‘तैलरंग’ आणि ‘ऑइल पेंट’ या दोन शब्दांतील अंतर पुसले जाणार नाही. ते अंतर खरे आहे. त्यामागे शिक्षण, मजुरी आणि दालनांत कोणाला प्रवेश मिळाला याचा इतिहास आहे. पण ते अंतर रंगातच भरलेले आहे हा समज तरी दूर होईल. डब्यातला निळा आणि नळीतला निळा यांच्यात श्रेष्ठ कोण, हे ठरवण्याची घाई सोडून समीक्षकाने टेंभ्याच्या उजेडातही पाहण्याची तयारी ठेवली, तर ‘वर्ण’ या शब्दाच्या तीन अर्थांपैकी निदान एक तरी आपल्या भाषेतून हद्दपार होण्याच्या मार्गाला लागेल.